बेटी क्रॉकर: नसलेल्या बाईची सही, आवाज आणि चेहरा कुणाचा? (सोबत अंड्याची गोष्ट आणि खोक्याचं माप)

मापटं

अमेरिकन केक मिक्सच्या खोक्यावर लाल चमचा आणि त्यात ‘बेटी क्रॉकर’ हे नाव असतं. (हिंदीतली बेटी नव्हे, एलिझाबेथचं लाडकं रूप.) अशी बाई कधी जन्मलीच नाही एवढं माहीत आहे. पण मग तिच्या नावानं पत्रं कोण लिहायचं, रेडिओवर कोण बोलायचं आणि तो चेहरा कुणाचा, हे सलग कुठे वाचायला मिळत नाही.

आणखी तीन शंका. एक, “मिक्समध्ये अंड्याची पावडर होती तोवर बायका ते घेत नव्हत्या, मानसशास्त्रज्ञानं ताजं अंडं घालायला लावलं आणि खप वाढला” ही गोष्ट मार्केटिंगच्या प्रत्येक वर्गात सांगतात. ती खरी आहे का? दोन, जुन्या पाककृतींत ‘एक खोकं केक मिक्स’ असं माप असतं. आजचं खोकं घेतलं की त्या फसतात, त्या कशा जमवायच्या? तीन, रद्दीत किंवा जुन्या पुस्तकांच्या दुकानात तिच्या नावाचं पत्रक सापडलं तर त्याचा काळ कसा ओळखायचा?

गिरणीचा_भोंगा

सुरुवात पिठापासून. मिनियापोलिसची वॉशबर्न-क्रॉस्बी कंपनी ‘गोल्ड मेडल’ नावाचा मैदा विकायची. १८८० साली सिनसिनाटीच्या गिरणीवाल्यांच्या प्रदर्शनात सुवर्णपदक मिळालं, म्हणून ते नाव. १९२१ मध्ये कंपनीनं ‘सॅटरडे इव्हनिंग पोस्ट’ साप्ताहिकात चित्राचे तुकडे जुळवायचं एक कोडं छापलं. सोडवून पाठवणाऱ्याला पिठाच्या पोत्याच्या आकाराची टाचण्या खोचायची उशी मिळणार होती. उत्तरं आली तीस हजारांच्या घरात, आणि अनेकांसोबत कुणी मागितलेले नसलेले प्रश्नही आले: पीठ किती वेळ मळायचं, केक मध्येच का बसतो, ‘पाय’चं (सारण भरून भाजायच्या पदार्थाचं) कवच चिवट का होतं.

उत्तरं तयार करायला कंपनीत गृहशास्त्र जाणणाऱ्या बायका होत्या, पण खाली सही जाहिरात विभागातल्या पुरुषांची जायची. विभागाचे प्रमुख सॅम्युएल गेल यांना ते पटेना. स्वयंपाकाच्या प्रश्नावर बाईला बाईचंच उत्तर हवं, असं त्यांचं म्हणणं. मग आडनाव घेतलं नुकतेच निवृत्त झालेले संचालक विल्यम क्रॉकर यांचं आणि पुढे जोडलं ‘बेटी’, कारण ते नाव आपुलकीचं आणि शेजारणीचं वाटतं. सहीसाठी ऑफिसातल्या बायकांची स्पर्धा घेतली. फ्लॉरेन्स लिंडेबर्ग या कर्मचारी बाईंचं अक्षर निवडलं गेलं. पुढची बेटीची सही त्यावरूनच घडली.

इथे एक गोष्ट लोक हमखास उलटी सांगतात. आधी चेहरा तयार केला आणि मग त्याला काम दिलं, असं झालेलं नाही. आधी पत्रव्यवहार, मग सही, मग आवाज, आणि चेहरा तब्बल पंधरा वर्षांनी. बेटी हा मुळात एक विभाग होता. बाई नंतर झाली.

आवाजाचं असं. १९२४ मध्ये कंपनीनं एक डबघाईला आलेलं रेडिओ स्टेशन चालवायला घेतलं आणि त्याला आपल्या आद्याक्षरांवरून डब्ल्यूसीसीओ हे नाव दिलं. त्यावर बेटी क्रॉकरची ‘आकाशवाणीवरची पाकशाळा’ सुरू झाली. पहिला आवाज ब्लांश इंगरसोल यांचा. ऐकणाऱ्या बायकांनी नाव नोंदवायचं, टपालानं कृती मागवायच्या, करून बघायच्या आणि कशा झाल्या ते लिहून कळवायचं, असा चक्क अभ्यासक्रम होता. पुढच्याच वर्षी कार्यक्रम तेरा स्टेशनांवर गेला. संहिता मिनियापोलिसहून एकच, वाचणारी बाई मात्र प्रत्येक शहरात वेगळी. म्हणजे एकाच वेळी अमेरिकेत अनेक बेटी बोलत होत्या आणि ऐकणारीला आपलीच खरी वाटत होती. १९२७ पासून कार्यक्रम एनबीसी या रेडिओ साखळीवरून देशभर जाऊ लागला.

या सगळ्यामागची खरी बाई कोण, असं विचारलंत तर नाव घ्यावं लागेल मार्जरी चाइल्ड हस्टेड यांचं. १९२४ मध्ये त्या कंपनीत आल्या, १९२६ पासून मिनियापोलिसला हा विभाग सांभाळू लागल्या. संहिता त्यांच्या, पुढे आवाजही त्यांचा. १९२८ मध्ये वॉशबर्न-क्रॉस्बी आणि इतर गिरण्या मिळून जनरल मिल्स झाली, तरी हस्टेडबाईंचं काम तेच राहिलं. मंदीत कमी पैशांत जेवण कसं भागवायचं, युद्धाच्या रेशनात काय बदलायचं, हे बेटीच्या तोंडून त्यांनीच सांगितलं. १९४५ मध्ये ‘फॉर्च्यून’ मासिकानं अमेरिकेतली दुसऱ्या क्रमांकाची लोकप्रिय स्त्री म्हणून बेटीचं नाव छापलं. पहिल्या एलिनोर रूझवेल्ट, राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांच्या पत्नी. एक हाडामांसाची आणि एक कागदाची.

तव्यावरचं

अंड्याची गोष्ट चुकीची आहे. निदान ज्या रीतीनं सांगतात त्या रीतीनं तरी.

त्या गोष्टीतले मानसशास्त्रज्ञ म्हणजे अर्नेस्ट डिख्टर. मूळचे व्हिएन्नाचे, अमेरिकेत आले १९३८ मध्ये. आता ही तारीख बघा: पिट्सबर्गची पी. डफ अँड सन्स ही काकवी विकणारी कंपनी होती. काकवी उरली म्हणून ती पिठासोबत सुकवून त्यांनी जिंजरब्रेडचं (आलं घातलेल्या गोड केकचं) मिक्स काढलं. त्याच्या पेटंटचा अर्ज १९३० चा, आणि त्यात अंड्याची पावडरच होती. १९३३ मध्ये त्यांनी दुसरा अर्ज केला, त्यात पावडर काढून ताजं अंडं घरी घालायला सांगितलं होतं. गिऱ्हाइकाला ताजं अंडं घालणं जास्त पसंत पडतं, हे कारण त्या अर्जातच लिहिलेलं आहे. पेटंट मिळालं १९३५ मध्ये. म्हणजे डिख्टर बोटीतून उतरायच्या तीन वर्षं आधी हा मुद्दा सरकारी कागदावर आला होता.

बेटी क्रॉकरचं पहिलं केक मिक्स १९४७ चं, आलं घातलेल्या केकचं. डिख्टर यांनी १९५० च्या दशकात केक मिक्सबद्दल बायकांच्या मुलाखती घेतल्या आणि ‘आयतं केल्याची टोचणी’ असा अर्थ काढला, हे खरं. पण त्या काळी पावडरवाली आणि ताज्या अंड्याची अशी दोन्ही मिक्सं दुकानात शेजारी शेजारी होती. अंडं आलं आणि खप उसळला, असा काही एक दिवस नाही. उलट त्या दशकाच्या उत्तरार्धात केक मिक्सची वाढ मंदावली. तेव्हा जाहिरातींचा भर आयसिंग आणि सजावटीकडे वळला. टोचणीवरचा खरा उपाय तो: केक आमचा, नटवायचा तुम्ही.

मानसशास्त्र बाजूला ठेवलं तरी ताज्या अंड्याला भटारखान्यातली कारणं आहेत. अख्ख्या अंड्याच्या पावडरीत थोडी ग्लुकोज असते. साठवणीत तिची प्रथिनांशी प्रक्रिया होऊन पावडर तपकिरी पडते आणि वास येतो. (म्हणून हल्ली सुकवण्याआधी ती साखर काढून टाकतात.) बलकातली चरबी खवट होते. आणि सुकवलेलं अख्खं अंडं ताज्याइतकं फुगत नाही, त्यामुळे केकची जाळी दाट होते. ताजं अंडं घातलं की पांढरा भाग सांगाडा धरतो, बलकातलं लेसिथिन हे द्रव्य तेल आणि पाणी एकजीव ठेवतं, आणि खोकं दुकानात जास्त दिवस टिकतं. कंपनीला यातलं शेवटचं कारण पुरेसं होतं.

आपल्याकडे अंड्याविना मिक्स मिळतं ते वेगळ्या सूत्रावर बेतलेलं असतं. त्यात हौसेनं अंडं घातलं तर केक रबरासारखा होतो. आणि अंड्याच्या मिक्समधून अंडं नुसतं वगळलं तर मधे खळगा पडतो.

काटेतोल

खोक्याचा प्रश्न माझ्याकडे.

‘एक खोकं’ हे माप कधीच स्थिर नव्हतं. बराच काळ खोकं १८.२५ औंसांचं होतं, म्हणजे ५१७ ग्रॅम. मग ते १५.२५ औंसांवर आलं, ४३२ ग्रॅम. आता बरीचशी १३.२५ औंसांची आहेत, साधारण ३७५ ग्रॅम. म्हणजे जुन्या कृतीच्या मानानं आज १४२ ग्रॅम कोरडा माल कमी पडतो. चौथ्या हिश्श्याहून जास्त!

खोक्यामागची कृती आजच्या मालावर बेतलेली असते, ती जशीच्या तशी करा, बिघडणार नाही. फसतात त्या वहीतल्या कृती, ज्यांत खोक्यासोबत पुडिंगची पुडी, आंबट साय, डबाबंद अननस असं काही जातं. ओला माल पूर्वीइतकाच, पीठ कमी. परिणाम: केक बाजूनं फुगतो आणि मधे बसतो, तळाशी चिकट थर राहतो. मिक्सची बिस्किटं (खोकं, दोन अंडी, अर्धा कप तेल) असतील तर ती ताटभर पसरतात. मोठ्या बंट साच्यात (मधे भोक असलेल्या गोल साच्यात) केक अर्ध्यावरच थांबतो.

उपाय एकच, वजनकाटा. दोन खोकी घ्या, दुसऱ्यातून १४२ ग्रॅम काढून पहिल्यात घाला. उरलेलं घट्ट झाकणाच्या डब्यात. कृती १५.२५ औंसांच्या काळातली असेल तर ५७ ग्रॅमच लागतील. दुसरं खोकं नसेल तर व्हॅनिला किंवा पिवळ्या केकसाठी मैदा ६० ग्रॅम, साखर ७० ग्रॅम (मिक्सरमधून फिरवलेली), कॉर्नफ्लोअर ८ ग्रॅम, बेकिंग पावडर पाऊण छोटा चमचा, चिमूटभर मीठ, दोनदा चाळून. वर एक छोटा चमचा तेल, कारण मिक्समध्ये मुळात थोडी चरबी असते. चॉकलेट केक असेल तर मैद्यातले १० ग्रॅम काढून तेवढा कोको.

अंड्यांचंही बघा. अमेरिकन ‘लार्ज’ अंडं टरफल काढून ५० ग्रॅमच्या आसपास भरतं, आपल्या बाजारातलं बऱ्याचदा त्याहून लहान. तीन अंडी लिहिलं असेल तर १५० ग्रॅम मोजून घ्या, मग ती तीन होवोत की चार. ३५० फॅरनहाइट म्हणजे १७७ सेल्सियस, ओटीजीवर १७५ ला ठेवायचं. काळा साचा असेल तर १६५ पुरे, नाहीतर कड करपते आणि मध्य कच्चा राहतो.

उंच गावांसाठीच्या सूचना समुद्रसपाटीपासून ३,५०० फुटांच्या पुढे लागू होतात. पुण्याला त्याची गरज नाही. महाबळेश्वर साधारण ४,५०० फुटांवर आहे, तिथे मात्र आहे: हवेचा दाब कमी म्हणून वायू जास्त फुगतो, सांगाडा धरायच्या आत केक वर येतो आणि मग कोसळतो. दोन मोठे चमचे मैदा, थोडं जास्त पाणी आणि ओव्हन दहा अंश चढा.

मापटं

वा, काटेतोल. यात बिस्क्विक या तयार पिठाचं काय? जुन्या कृतींत तेही ‘दोन कप बिस्क्विक’ असं येतं आणि इथे ते सहज मिळत नाही.

काटेतोल

बिस्क्विक १९३१ मध्ये बाजारात आलं. कंपनीचे विक्री अधिकारी कार्ल स्मिथ यांना रेल्वेच्या डायनिंग कारमध्ये अवेळी गरम बिस्किटं मिळाली (अमेरिकन बिस्किट, म्हणजे आपल्या खारीपेक्षा बनपावाच्या जवळचं). स्वयंपाक्यानं पीठ, चरबी, बेकिंग पावडर आणि मीठ आधीच मिसळून बर्फाच्या पेटीत ठेवलं होतं. दुकानात बर्फाची पेटी नाही, चरबी खवट होणार. कंपनीचे रसायनतज्ज्ञ चार्ली क्रेस यांनी त्यावर तिळाचं तेल शोधून काढलं. तिळाचं तेल इतर तेलांपेक्षा उशिरा खवट होतं, हे आपल्या लोणच्यावाल्यांना सांगायला नको.

घरी करायचं तर एक कप मैदा, दीड छोटा चमचा बेकिंग पावडर, पाव छोटा चमचा मीठ, एक मोठा चमचा घट्ट तूप किंवा लोणी. बोटांनी चोळून रव्यासारखं करा. लोण्याचं असेल तर फ्रिजमध्ये. जास्त केलंत तर दोन आठवड्यांत संपवा, बेकिंग पावडर दमट हवेत मरते.

पिवळी_पानं

काळ ओळखायचा प्रश्न राहिला. चेहऱ्यावरून सुरुवात केली तर फसाल, आधी बारीक अक्षरं वाचा.

कंपनीचं नाव वॉशबर्न-क्रॉस्बी असेल तर कागद १९२८ च्या आधीचा किंवा फार तर त्याच सुमाराचा. जनरल मिल्स असेल तर नंतरचा. लाल चमच्याचं चिन्ह १९५४ चं, ते दिसलं की त्याच्या अलीकडचं. पत्त्यात पाच आकडी झिप कोड असेल तर १९६३ नंतरचं. खोक्यावर बारकोड असेल तर १९७४ नंतरचं, पोषणमूल्यांचा तो काळ्या चौकटीतला तक्ता असेल तर १९९४ च्या सुमाराचं किंवा नंतरचं. भांडीकुंडी मिळवायची कुपनं २००६ पर्यंत चालली, त्यामुळे कुपन दिसलं म्हणून फार जुनं समजू नका.

मग चेहरा. पहिलं चित्र १९३६ चं, नायसा मॅकमीन यांचं. विभागातल्या बायकांची नाकं-डोळे-जिवण्या एकत्र करून काढलेलं, असं कंपनी सांगते. लाल पोशाख, गळ्याशी पांढरं, चेहरा जरा कडक. त्यानंतर १९५५, १९६५, १९६९, १९७२, १९८०, १९८६ आणि १९९६. एकूण आठ. १९५५ ची हसरी आणि प्रौढ, १९६५ ची एकदम तरुण, १९८६ ची गळ्याला मोठा बो बांधून ऑफिसला निघाल्यासारखी. १९९६ ची ७५ खऱ्या बायकांचे फोटो संगणकावर मिसळून त्यावरून रंगवलेली. हेतू हा की वर्ण आणि ठेवण कुठल्या एकाच गटाची वाटू नये. साठ वर्षांत बाईचं वय उतरत गेलं. लाल रंग तेवढा कुणी बदलला नाही.

मोठ्ठं लाल चित्रमय पाकपुस्तक १९५० चं. त्याची कडीवाली (सुटी पानं कड्यांत अडकवलेली) आवृत्ती सापडली तर विभाग पुरते आहेत का ते मोजा. सुटी पानं काढून ओट्याशी लावलेली असायची, त्यामुळे केक आणि बिस्किटांचीच पानं नेमकी गायब असतात. आणि मुद्रणपान बघितल्याशिवाय पैसे देऊ नका. या पुस्तकाची हुबेहूब पुनर्मुद्रित प्रत १९९८ मध्ये निघाली आहे, मुखपृष्ठावरून फरक कळत नाही.

टीव्हीवरची बेटी म्हणजे अॅडलेड हॉली, १९४९ ते १९६४. त्यांचा फोटो असलेली जाहिरात मिळाली तर काळ आपोआप ठरतो. चित्रातली बेटी आणि पडद्यावरची बेटी सारख्या दिसत नाहीत. त्याबद्दल तेव्हा कुणाला अडचण वाटली नाही याची मला गंमत वाटते.

उंबरठा

बेटीची गोष्ट गोडच सांगितली जाते, म्हणून शेजारच्या खोक्याकडेही बघायला हवं. काल्पनिक बाई हा प्रकार बेटीनं सुरू केला नाही. १८८९ मध्ये मिझुरी राज्यातल्या सेंट जोसेफ गावी पर्ल मिलिंग कंपनीच्या ख्रिस रट आणि चार्ल्स अंडरवुड यांनी तयार पॅनकेकचं पीठ काढलं. नाव ठेवलं ‘आंट जमायमा’, तेही तोंडाला काळं फासून गोऱ्यांनी करायच्या मिन्स्ट्रेल नाटकांतल्या गाण्यावरून. धंदा आर. टी. डेव्हिस यांनी घेतला आणि १८९३ च्या शिकागोच्या जागतिक प्रदर्शनात नॅन्सी ग्रीन यांना त्या भूमिकेत उभं केलं. ग्रीन केंटकीत गुलामगिरीत जन्मलेल्या. लोकांसमोर पॅनकेक भाजायचे आणि मळ्यावरच्या ‘सुखी’ दिवसांच्या गोष्टी सांगायच्या, हे काम. १९२६ मध्ये ब्रँड क्वेकर ओट्सकडे गेला.

फरक कामाच्या वाटणीत आहे. गोऱ्या बेटीला सही मिळाली, सल्ला द्यायचा अधिकार मिळाला, ती विवाहित की अविवाहित हेही कधी सांगावं लागलं नाही. काळ्या जमायमाला मात्र ‘आंट’. अमेरिकेच्या दक्षिणेत काळ्या बायकांना ‘मिसेस’ म्हणायचं नाही म्हणून वापरलेला तो शब्द, आपल्या मावशी-आत्यासारखा मायेचा नव्हे. ‘अंकल बेन’ या तांदळाच्या ब्रँडचं तेच. २०२० मध्ये दोन्ही नावं काढायचं जाहीर झालं. तांदूळ ‘बेन्स ओरिजिनल’ झाला आणि २०२१ मध्ये पॅनकेकच्या पिठाला मूळ गिरणीचं, पर्ल मिलिंगचं, नाव परत मिळालं.

तव्यावरचं

उंबरठा, मुद्दा बरोबर. फक्त अमूलच्या मुलीला कुणी या रांगेत बसवू नये, ते नेहमी होतं. १९६६ पासूनची ती मुलगी शुभचिन्ह आहे. ती टोमणे मारते, पण तिच्या सहीनं कुणाला पत्र गेलं नाही आणि पोळी का वातड झाली हे तिला कुणी विचारत नाही. आणि बेडेकर, चितळे ही तर खरी आडनावं.

मापटं

मग आज बेटीच्या नावानं जी पुस्तकं निघतात ती कोण लिहितं?

गिरणीचा_भोंगा

बहुतेक विभागातले लोक, नाव तिचं. पण एक अपवाद आपल्या कामाचा आहे. २००१ मध्ये बेटी क्रॉकरच्या नावाखाली भारतीय घरगुती स्वयंपाकाचं पुस्तक निघालं, त्यावर लेखकाचं नाव आहे: राघवन अय्यर. मुंबईत वाढलेले, पुढे मिनेसोटात स्थायिक झालेले, २०२३ मध्ये वारले. जुन्या पुस्तकांत ते दिसलं तर घ्या. मापं अमेरिकन कपात आहेत, म्हणजे २४० मिलिलिटर. आपल्या स्टीलच्या वाटीनं मोजलंत तर डाळ-तांदळाचं प्रमाण जमेल, मसाल्याचं आणि मिठाचं चुकेल.